चार बोटं बाहेर

चेंडू बाहेर गेला होता. हे मी सुरुवातीलाच सांगून टाकते, कारण पुढे मी माफी मागितली, शिक्षाही भोगली, आणि एकदा तर तोंड असून गप्प बसले. त्यावरून चेंडू आत होता असं कुणी समजू नये. रेषेच्या चांगला चार बोटं बाहेर होता. मी चाळीस वर्षं लोकांचे कपडे शिवतेय. समोरून माणूस चालत आला की त्याचा डावा खांदा उजव्यापेक्षा किती उतरलाय ते मला टेप न लावता सांगता येतं. चार बोटं दिसत नसतील तर मी दुकान बंद करून घरी बसावं.

आमचे चिरंजीव फुटबॉल खेळतात. दिवसा लोकांच्या घरची वायरिंगची कामं आणि संध्याकाळी मैदान, असं सोळा वर्षं चाललंय. बचावात खेळतो आणि दिलेली जागा सोडत नाही म्हणून सगळे त्याला खिळा म्हणतात. सोळा वर्षांत त्यानं तीन गोल केले, त्यातला एक आपल्याच जाळ्यात. पण त्याला चुकवून चेंडू पुढे नेणं काय असतं ते समोरच्या संघांना विचारा. आता वय छत्तीस. गेल्या वर्षापासून उजवा गुडघा कुरकुरतोय आणि डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, हा हंगाम शेवटचा. त्यातलेही दोनच सामने उरले होते. शेवटचा आमच्याच मैदानावर होता आणि त्यासाठी मी त्याची चार नंबरची जर्सी उसवून नव्यानं शिवायला घेतली होती.

दोनातला पहिला सामना आम्ही एका गोलानं हरलो, आणि तो गोल हाच.

आमची लीग छोटी. रेषेवर झेंडा घेऊन उभं राहायला माणसं मिळत नाहीत, सगळं एकट्या रेफरीनं बघायचं. मी नेहमीसारखी माझं स्टूल घेऊन कोपऱ्याजवळ रेषेला लागून बसले होते. सत्तराव्या मिनिटाला त्यांचा एक खेळाडू चेंडू घेऊन माझ्यासमोरून धावला. चेंडू बाहेर गेला. त्यानं तो निर्लज्जपणे पायानं आत ओढला, मध्ये टाकला आणि दुसऱ्यानं गोल मारला. आमची मुलं हात वर करून उभी. रेफरी कुठे? पार मैदानाच्या मध्यावर. एक हात कमरेवर ठेवून, फिरायला निघाल्यासारखा येत होता. आला, शिट्टी वाजवली आणि गोल देऊन मोकळा झाला.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. घरी आल्यावर चहासुद्धा टाकला नाही. फोन उघडला आणि लीगच्या पानावर सामन्याचा फोटो होता, त्याच्याखाली लिहिलं: "चेंडू चार बोटं बाहेर होता. सगळ्या मैदानानं बघितला, फक्त शिट्टीवाल्यानं नाही. डोळे घरी विसरला असाल तर पुढच्या वेळी शिट्टीही घरीच विसरा." दोनदा वाचून बघितलं. शुद्धलेखन बरोबर होतं. पाठवून दिलं आणि मग चहा टाकला.

तीन दिवसांनी चिरंजीव कामावरून आले ते हातात पत्र घेऊनच. लीगच्या शिस्तपालन समितीचं. खेळाडूनं समाजमाध्यमावर रेफरीचा अपमान केल्याबद्दल शनिवारी सकाळी हजर राहावं. दोषी ठरल्यास किमान तीन सामने बंदी.

"आई, हे तू लिहिलंस?"

"मग काय! माझ्या फोनवरून मी नाही तर कोण लिहिणार?"

"नाव कुणाचं आहे ते बघ."

तेव्हा मी पहिल्यांदा नीट बघितलं. आठ महिन्यांपूर्वी त्यानं नवा फोन घेतला आणि जुना मला दिला. उघडला की वरच्या कोपऱ्यात गोलात त्याचा फोटो दिसायचा. मला वाटलं, आईचा फोन म्हणून मुद्दाम लावून दिलाय. मला केवढं कौतुक वाटलं होतं! गिऱ्हाइकांना दाखवत सुटले होते. तो फोटो म्हणजे त्याचं खातं होतं, आणि आठ महिने मी जे काही लिहिलं ते सगळं त्याच्या नावानं जगभर गेलं होतं. त्याला स्वतःला त्या खात्यात काडीचा रस नाही, सहा-सहा महिने उघडत नाही, म्हणून त्यालाही पत्ता नव्हता.

"आणखी काय काय लिहिलंयस?" त्यानं खुर्ची ओढली आणि वाचायला बसला. मी आपली मशीनमध्ये दोरा ओवत बसले, ओवलेला असून.

आमच्या गोलकीपरच्या लग्नाचा फोटो होता. खाली चिरंजीवांच्या नावानं लिहिलेलं: "कोटाची डावी बाही आखूड आहे. घाईत शिवलाय." एकीच्या नव्या फ्रॉकखाली: "रंग छान, पण गळा फार खोल गेलाय. मागून एक हुक लाव, बसेल." प्रशिक्षकाच्या बायकोला वाढदिवसाला लिहिलं होतं: "तब्येतीला जप. मागच्या वर्षीची मापं आता चालणार नाहीत."

"म्हणून गोलकीपर मार्चपासून माझ्याशी बोलत नाहीये होय!" तो म्हणाला. आणि मग हसायला लागला. एवढा हसला, एवढा हसला की डोळ्यांतून पाणी आलं. मलाही हसू फुटणार होतं, पण नजर त्या पत्रावर गेली. किमान तीन सामने. हंगामात उरलाय एक. म्हणजे माझा लेक परत मैदानात उतरणारच नव्हता. सोळा वर्षं त्यानं कुणाला शिवी दिली नाही, कधी लाल कार्ड घेतलं नाही, आणि त्याचा शेवटचा सामना माझ्या एका अंगठ्यानं घालवला. मला तिथंच रडू आलं.

"रडू नकोस. मीच लिहिलं असं सांगतो आणि माफी मागतो," तो म्हणाला.

"तू का सांगणार? मी लिहिलंय."

"छत्तीस वर्षांच्या माणसानं समितीसमोर जाऊन आईनं लिहिलं म्हणून सांगायचं? माझं काय होईल मैदानात?"

त्याचं म्हणणं मला पटलं नाही. पण शनिवारी मी बरोबर जाणार, एवढं मात्र मी ठरवून टाकलं.

समितीची खोली पोहण्याच्या तलावाच्या वर आहे. जिन्यातच क्लोरीनचा वास नाकात जातो. लांब टेबलामागे तिघं बसलेले. मधले अध्यक्ष, म्हणजे आपले दातांचे डॉक्टर. एका बाजूला कागद लिहिणारे सचिव आणि दुसऱ्या बाजूला एक गृहस्थ, ते पूर्ण वेळ पंख्याकडे बघत होते. समोर खुर्चीवर रेफरी. एरवी त्यांची नोकरी दुकानांतले वजनकाटे तपासण्याची. माणूस इतका काटेकोर की त्यांना बघून भाजीवाले सरळ होऊन बसतात.

अध्यक्षांनी माझा मजकूर मोठ्यानं वाचून दाखवला. त्या खोलीत तो जरा जास्तच तिखट वाटला.

"हे तुम्ही लिहिलंत?"

"हो. मीच," चिरंजीव मान खाली घालून म्हणाले.

अध्यक्षांनी पुढचा कागद घेतला. चष्मा वर केला, खाली केला. "समितीनं तुमचं बाकीचं लेखनही मागवलं. 'मागून एक हुक लाव, बसेल.' हेही तुम्हीच?"

चिरंजीव कानापर्यंत लाल. "हो."

"'काखेत कापड खेचतंय, अर्धा इंच सोडायला हवं होतं.' हे कुणाच्या तरी बारशा—" अध्यक्षांनी कागद जवळ धरला, "—बाळाच्या फोटोखाली आहे. खिळा, तुम्ही वायरिंग करता ना?"

पंख्याकडे बघणारे गृहस्थसुद्धा खाली बघायला लागले. आता मात्र मला राहवेना. मी उठले. "डॉक्टर, पोराला नका छळू. ते सगळं माझं आहे. खातं त्याचं आहे हे मला ठाऊकच नव्हतं. आणि बाळाच्या आईनं नंतर येऊन अर्धा इंच सोडवून घेतला, तेही लिहून घ्या."

चिरंजीवांनी डोळे मिटून घेतले. अध्यक्षांनी हसू दाबलं, पण नियमाचं पुस्तकही उघडलं. "काकू, मला समजतंय. पण इथं स्पष्ट आहे. खातं ज्याचं, जबाबदारी त्याची. बंदी टाळायचा एकच मार्ग आहे. तुम्ही माफी मागायची आणि रेफरींना ती मनापासून पटायला हवी. मग शिक्षा बदलता येते. दहा मिनिटं चहा घेऊ, तुम्ही विचार करा."

विचार कसला करायचा? माफी मागायची म्हणजे चेंडू आत होता म्हणायचं, आणि तो तर बाहेर होता. मी बाहेरच्या गॅलरीत आले. खाली तलावात मुलं धपाधप उड्या मारत होती. कठड्याला टेकून रेफरी उभे होते, आणि चहाचा कप एका हातात होता. दुसरा हात कमरेवर.

मी बघत राहिले. पँट बेल्टमध्ये गोळा झाली होती, पुढे चार चुण्या, मागे दोन. बेल्टला घरीच खिळ्यानं पाडलेली तीन नवी भोकं. शर्टाचे खांदे दंडावर आलेले. हे कपडे चुकीचे शिवलेले नव्हते. हे कपडे आधीच्या माणसाचे होते. हा माणूस त्यातून निघून गेला होता.

"भाऊ, आजारी होतात का?" मी विचारलं.

ते दचकले. "कोण म्हणालं?"

"तुमची कंबर म्हणतेय. छत्तीसची पँट आणि आत साडेबत्तीस. चार-पाच महिन्यांत उतरलीय."

त्यांनी आजूबाजूला बघितलं. मग हळूच म्हणाले, "पोटाचं ऑपरेशन झालं. अकरा किलो गेलं. आता एकदम ठणठणीत आहे, ताई, शपथेवर सांगतो. रोज सकाळी पळतो."

"मग त्या सामन्यात का नाही पळालात?"

त्यांचा चेहरा एवढासा झाला. "चड्डी," ते म्हणाले.

आणि मग सगळं बाहेर आलं. रेफरीची चड्डी लीग देते, बटणाची, चिन्ह शिवलेली, तीन वर्षांतून एकदा. नव्या मापाची हवी तर अर्जावर कारण लिहायचं. कारण लिहिलं की डॉक्टरी तपासणी, आणि तपासणीचा निकाल येईपर्यंत घरी. म्हणून ते सेफ्टी पिनेवर भागवत होते. खिशात दोन कार्डं, वही, पेन, घड्याळ, सगळं वजन खाली ओढणारं. सत्तराव्या मिनिटाला पिन उघडली.

"चारशे माणसं बसलेली. मी काय करणार? एका हातानं धरली आणि जमेल तसा आलो. चेंडू मला दिसलाच नाही. जाळ्यात गेलेला तेवढा दिसला, म्हणून गोल दिला."

"अहो, मग टेलरकडे द्यायची!"

"कुठल्या? नियम आहे, रेफरीनं कोणत्याही संघाच्या माणसाकडून काम करून घ्यायचं नाही. इथं टेलर तीन. एक त्या दिवशीच्या समोरच्या संघाच्या मॅनेजरचा मेहुणा, एकाचे दोन मुलगे तिसऱ्या संघात. आणि तिसऱ्या तुम्ही."

मी पर्समधून टेप काढली. चाळीस वर्षांची सवय, हात आपोआप गेला. "हात वर करा," म्हटलं, आणि त्यांनी केले. नेमका त्याच वेळी चिरंजीव मला शोधत गॅलरीत आले. आपली आई रेफरीच्या कमरेला टेप गुंडाळून उभी आहे, रेफरी दोन्ही हात वर करून शरण आलेले आहेत. तो तसाच मागच्या मागे आत गेला.

"ताई, आत हे सांगू नका," रेफरी हळू आवाजात म्हणाले. "तुमच्या मुलासाठी सांगावंसं वाटेल, मला कळतं. पण मला शिट्टीशिवाय दुसरं काही नाही."

आत जाऊन मी टेबलासमोर उभी राहिले. एका वाक्यात मी जिंकत होते. रेफरी मागे राहिला, कारण हे हे, म्हणून माझं म्हणणं खरं, म्हणून पोराला खेळू द्या. पण त्या माणसाचे हात अजून मला वर दिसत होते.

"डॉक्टर," मी म्हटलं, "मी डोळे घरी विसरलात असं लिहिलं, ते चुकलं. त्यांचे डोळे जागेवर आहेत. काटेकोर माणूस आहे. मी न विचारता बोलले. मी मनापासून माफी मागते."

"आणि चेंडू?"

"चेंडू बाहेर होता."

"मग त्यांना का दिसला नाही?"

मी गप्प. चिरंजीव माझ्याकडे तोंड उघडं टाकून बघत होते. छत्तीस वर्षांत प्रश्न विचारल्यावर आई बोलली नाही, हे त्यानं पहिल्यांदाच बघितलं असावं. अध्यक्षांनी पुन्हा विचारलं. मी पुन्हा गप्प. तीन सामने, तीन सामने, असं डोक्यात वाजत होतं, आणि तरीही गप्प.

मग खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. रेफरी उभे राहिले होते, सवयीनं एक हात कमरेवर.

"मी सांगतो," ते म्हणाले. "माझी चड्डी सुटली होती."

सचिवांचं पेन थांबलं. "हे... लिहू?"

"लिहा," रेफरी म्हणाले. आणि ऑपरेशनपासून सेफ्टी पिनेपर्यंत त्यांनी सगळं सांगितलं, वजनकाट्याचा अहवाल वाचावा तसं. "ताईंना हे दहा मिनिटांपूर्वी कळलं होतं. त्या बोलल्या नाहीत. माफी मला पटली."

पंखेवाले गृहस्थ आधी हसले. मग अध्यक्ष, मग सचिव, मग खुद्द रेफरी. माझा जीव भांड्यात पडला.

"तुम्ही धावू शकता?" अध्यक्षांनी डोळे पुसत विचारलं.

"चड्डी राहिली तर धावू शकतो."

अध्यक्षांनी त्यांना तिथल्या तिथं खाली नेऊन तलावाभोवती दहा फेऱ्या मारायला लावल्या, स्वतः नाडी बघितली, आणि वर येऊन निकाल सांगितला. खेळाडूची बंदी स्थगित. लिहिणाऱ्या बाईंनी त्याच जागी, स्वतःच्या नावानं, माफी लिहावी. शिवाय रेफरीला संघाच्या माणसाकडून काम करून घेता येत नसलं, तरी समितीला शिक्षा देता येते. सबब बाईंनी शिक्षा म्हणून रेफरीची चड्डी आठ दिवसांत मापात आणून द्यावी.

मी ती शिक्षा मन लावून भोगली. कमरेची पट्टी पूर्ण उसवली, मागच्या शिवणीतून कापड घेतलं, आतून इलास्टिकचा पट्टा टाकला. खिशांना दुहेरी टीप मारली, आणि कार्डांसाठी मागे वेगळा छोटा कप्पा केला, म्हणजे वजन पुढे ओढणार नाही. अशी चड्डी मी कुणासाठी शिवली नसेल. चिरंजीवांनी त्याच टेबलावर बसून मला माझं स्वतःचं खातं उघडून दिलं. गोलात माझाच फोटो. गोलकीपरचा कोट मी फुकटात दुरुस्त केला, तोही बोलायला लागला.

शेवटच्या सामन्याला अख्खं मैदान भरलं होतं. मी माझ्या कोपऱ्यात, स्टुलावर. रेफरी मैदानात आले आणि मला ओळखूच आले नाहीत. ताठ, चपळ, चड्डी अशी बसलेली की मला एकदा उठून बघावंसं वाटलं. चेंडू जिथं जाईल तिथं हे आधीच हजर. दोन्ही हात मोकळे.

ऐंशी मिनिटं झाली तरी गोल नाही. मग काय झालं कुणास ठाऊक, सोळा वर्षं जागा न सोडणारा खिळा जागा सोडून पुढे निघाला. आमच्या एकानं माझ्यासमोरून, अगदी रेषेवरून चेंडू ओढत नेला आणि मध्ये टाकला. खिळा हवेत. डोक्यानं असा हाणला की त्यांच्या गोलकीपरला हलताही आलं नाही. जाळं थरथरलं. मैदान उठून उभं राहिलं. माझा लेक दोन्ही हात पसरून धावत सुटला, गुडघा बिडघा विसरून, आणि मी स्टुलावर चढले.

तेवढ्यात शिट्टी वाजली. रेफरी माझ्यापासून दहा पावलांवर उभे होते. हात रेषेकडे. चेंडू आधीच बाहेर गेला होता. गोल नाही.

असा आरडाओरडा झाला की विचारू नका. "डोळे घरी विसरलास काय रे!" कुणीतरी माझंच वाक्य ओरडलं. आमचा गोलकीपर तर पार तिकडून माझ्याकडे बोट दाखवून ओरडत होता, "काकूंना विचारा! काकू तिथंच बसल्यात!" आणि खरंच सगळे माझ्याकडे बघायला लागले. रेफरींनीही बघितलं.

चिरंजीव धापा टाकत रेषेजवळ आले. घामानं निथळलेला, चार नंबरची जर्सी चिखलानं माखलेली, चेहऱ्यावर अजून तो आनंद होता, पुरता गेला नव्हता.

"आई," तो म्हणाला, "खरं सांग. होता बाहेर?"

मला खोटं बोलायची फार इच्छा झाली. आयुष्यात एवढी कधी झाली नव्हती.

"दोन बोटं," मी म्हटलं.

त्यानं एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा रेफरीच्या चड्डीकडे. मग कमरेवर हात ठेवून तो सगळ्या मैदानासमोर मोठ्यानं हसला. "अजून जरा सैल ठेवायची होतीस," तो म्हणाला, आणि आपल्या जागेवर पळत गेला.